पाकिटामागे एक रुपया : इंदूरच्या एका महिला मंडळापुढे आलेल्या प्रस्तावाचा अभ्यास

इंदूरच्या जुन्या भागात, राजवाड्यापासून फारशा लांब नसलेल्या एका इमारतीत, मराठी स्त्रियांनी स्थापन केलेले एक महिला मंडळ अनेक दशकांपासून काम करीत आहे. मंडळाची मुलींची शाळा दहावीपर्यंत आहे. जोडीला एक उद्योग केंद्र आहे आणि त्यात पापड-मसाल्यांबरोबर थोड्या प्रमाणात कापडी पॅडही शिवले जातात. शाळेतल्या मुलींपैकी मराठी घरांतल्या मुली आता थोड्याच उरल्या असल्या तरी कार्यकारिणीची चर्चा, ठराव आणि इतिवृत्त अजून मराठीतच चालते. २०२४ च्या जूनमध्ये, शाळा नुकती सुरू झालेली असताना, या मंडळापुढे एका कंपनीचा प्रस्ताव आला. त्याचा मसुदा वाचून मत द्यावे, असे मंडळाने मला सांगितले आणि पुढच्या चर्चेलाही मी उपस्थित होतो. मंडळ, कंपनी आणि व्यक्ती यांची नावे येथे वगळली आहेत. असे प्रस्ताव आज लहान-मोठ्या अनेक संस्थांकडे येतात आणि बहुतेक ठिकाणी ते पुरेसे न वाचताच स्वीकारले किंवा नाकारले जातात, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

प्रस्ताव

सॅनिटरी पॅड बनवणाऱ्या एका कंपनीच्या वतीने तिच्या जाहिरात संस्थेने हा प्रस्ताव पाठवला होता. इंदूर जिल्ह्यात तीन महिने मोहीम चालेल, त्या काळात विकल्या गेलेल्या प्रत्येक पाकिटामागे एक रुपया मंडळाला मिळेल आणि ही रक्कम पाच लाखांपेक्षा जास्त होणार नाही, असे त्यात म्हटले होते. कमाल मर्यादा स्पष्ट लिहिलेली होती, किमान रकमेचा मात्र उल्लेख नव्हता. त्या बदल्यात मंडळाचे नाव आणि बोधचिन्ह पाकिटांवर तसेच शहरातल्या फलकांवर छापले जाणार होते. मंडळाच्या शाळेत आणि मंडळाच्या ओळखीने आणखी काही शाळांत पाळीविषयी तासाभराचे वर्ग घेतले जाणार होते. वर्ग घेणारी प्रशिक्षिका कंपनीची असणार होती आणि शेवटी प्रत्येक मुलीला काही पॅड, एक पुस्तिका व सवलतीचे कूपन असलेली पिशवी मोफत मिळणार होती.

मसुद्याच्या शेवटच्या पानावर दोन अटी होत्या. वर्गाच्या वेळी प्रत्येक मुलीकडून एक अर्ज भरून घ्यायचा होता. त्यात नाव, इयत्ता, पाळी सुरू झाली आहे किंवा नाही आणि आईचा मोबाइल क्रमांक इतकी माहिती द्यायची होती. दुसरी अट अशी, की मोहिमेच्या काळात मंडळाने दुसऱ्या कोणत्याही पॅडचा प्रचार करू नये. कापडी पॅड यात येतात का, असे विचारल्यावर ‘हो, तेही येतात’ असे उत्तर मिळाले. म्हणजे मंडळाच्याच उद्योग केंद्रातल्या बायकांनी शिवलेली वस्तू मंडळाच्याच शाळेत दाखवता आली नसती.

कार्यकारिणीतले दोन पक्ष

पहिल्या सभेत मतभेद अपेक्षित होते तसेच झाले. अध्यक्षाबाईंचे म्हणणे सरळ होते. “पैसा कंपनीचा असो की कुणाचा, मुलींच्या हातात पॅड पडतात ना? मग आपण कशाला अडून बसायचं?” त्यांनी स्वतः ज्या काळात शाळा सांभाळली, त्या काळात पाळीच्या दिवसांत मुली शाळेतच येत नसत. ते पाहिलेल्या व्यक्तीला कंपनीच्या हेतूची चिकित्सा ही चैन वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्या समोर बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका तितक्याच ठाम होत्या. शाळेचा वर्ग ही विक्रीची जागा होऊ शकत नाही आणि बाईंच्या तोंडून ऐकलेले मुली खरे मानतात, त्या विश्वासाचा भाव कुणी ठरवू नये, असे त्या म्हणाल्या.

दोघींच्या म्हणण्यात तथ्य होते. तरीही त्या सभेत मुलींना नेमके काय हवे आहे हे कुणीच विचारले नाही, असे मला वाटते. ते काम नववीच्या वर्गशिक्षिकेने केले. तिने सहावी ते दहावीच्या मुलींना नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगितले : पाळीच्या दिवसांत शाळेत सर्वांत मोठी अडचण कोणती? पुढच्या सभेत त्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या गेल्या. पॅड परवडत नाही असे लिहिणाऱ्या मुली होत्या आणि त्यांची अडचण खरी होती. पण त्याहून कितीतरी जास्त चिठ्ठ्या स्वच्छतागृहाविषयी होत्या. मधल्या सुट्टीनंतर टाकीतले पाणी संपते, दाराची कडी लागत नाही, झाकणाची कचरापेटी नाही, त्यामुळे वापरलेला पॅड कागदात गुंडाळून दप्तरातून घरी न्यावा लागतो. एका मुलीने लिहिले होते की ती शाळेच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही.

या चिठ्ठ्यांनी चर्चेची दिशा बदलली. मुलीच्या अडचणीला अनेक भाग असतात : पाणी, आडोसा, कडी, माहिती, पॅड, वापरलेल्या पॅडची विल्हेवाट आणि घरातला विटाळाचा धाक. त्यांपैकी एकच भाग पाकिटात घालून दुकानात विकता येतो. नफ्यासाठी दिलेली मदत नेमकी त्याच भागाकडे वळते आणि तिच्या झगमगाटात उरलेले भाग सुटले आहेत असा समज होतो. कंपनीचा हेतू वाईट असण्याची त्यासाठी गरज नाही. टाकीची मोटार दुरुस्त केल्याने पाकिटे खपत नाहीत, इतके कारण पुरे आहे.

हीच गोष्ट भूगोलाच्या बाबतीतही दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये पाळीच्या वेळी आरोग्यदायी साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण देशात तीन चतुर्थांशांहून अधिक होते. मध्य प्रदेशात ते सुमारे ६१ टक्के होते आणि याहून कमी फक्त बिहारमध्ये होते. देशाचे शहरी प्रमाण सुमारे ९० टक्के, तर ग्रामीण सुमारे ७३ टक्के होते. गरज कुठे आहे हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. प्रस्तावातल्या सर्व शाळा मात्र शहरातल्या होत्या, कारण पाकीट विकणारी दुकाने आणि फलक लावण्याचे चौकही तिथेच होते.

दोन थैल्या

सभासदांना पडलेला पुढचा प्रश्न असा होता की हा पैसा नेमका कोणता. ‘कंपन्यांना दोन टक्के द्यावेच लागतात, त्यातलाच असेल’ असे बऱ्याच जणींनी गृहीत धरले होते. येथे थोडे तपशिलात जाणे भाग आहे, कारण सगळी वाटाघाट पुढे याच मुद्द्यावर फिरली.

कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. हाच तो सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा निधी. २०२१ च्या जानेवारीत त्याचे नियम बदलले आणि त्यात स्पष्ट लिहिले गेले की आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या विपणनाचा फायदा मिळावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व सीएसआर ठरत नाही. वस्तुरूपाने दिलेल्या मदतीची किंमत काढून तीही या खर्चात दाखवता येत नाही. म्हणजे पाकिटामागचा एक रुपया आणि मोफत पिशवी ही दोन्ही त्या दोन टक्क्यांत बसत नव्हती. ती विपणन विभागाच्या अंदाजपत्रकातून येणार होती.

आयकराच्या दृष्टीने फरक याहून बोलका आहे. २०१४ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम ३७ ला स्पष्टीकरण जोडले आणि सीएसआरचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा होणे बंद झाले. जाहिरातीचा खर्च मात्र वजा होतो. २५.१७ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीने जाहिरात म्हणून दिलेला एक रुपया तिला प्रत्यक्षात पंचाहत्तर पैशांना पडतो. जीएसटीतही १ ऑक्टोबर २०२३ पासून सीएसआरसाठी घेतलेल्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. कायदा हे दोन पैसे वेगळे मानतो. कंपनीचा लेखा विभागही ते वेगळे मानतो. मग फक्त मंडळानेच दोन्हींना ‘देणगी’ म्हणावे, यात मला मंडळाचे नुकसान दिसते.

इंदूरच्या माणसाला दोन थैल्यांची ही कल्पना नवीन वाटू नये. होळकरशाहीत ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन हिशेब वेगळे होते. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे मिळालेल्या जहागिरीतून खासगी उभी राहिली, ती पुढे अहिल्याबाईंकडे आली आणि देशभरातले त्यांचे घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे प्रामुख्याने त्या थैलीतून झाली. राज्याच्या वसुलीचा आणि दानाचा पैसा एकमेकांत मिसळू न देण्याची शिस्त या शहराच्या इतिहासात आहे. ती ज्या संस्था अहिल्याबाईंची तसबीर लावून सभा भरवतात, त्यांनी तरी पाळायला हवी.

हिशेबाचा मुद्दा निघाला तेव्हा कोषाध्यक्षाबाईंनी एक व्यवहारी शंका काढली. शाळेच्या प्रत्येक पंख्यावर कुणा ना कुणाच्या स्मृतीप्रीत्यर्थ नाव आहे. मग कंपनीच्या नावानेच काय बिघडते? याचे उत्तर जीएसटीच्या ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात फार नेमके सापडते. देणगीदाराचे नाव कृतज्ञतेने लिहिले, त्याच्या धंद्याचा उल्लेख किंवा जाहिरात केली नाही आणि देण्यामागे परोपकाराचाच हेतू असला, तर ती सेवा नव्हे आणि तिच्यावर कर नाही. वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेल्या खोलीवरचे नाव हे त्यातलेच उदाहरण आहे. उलट जिथे नाव छापण्याच्या बदल्यात धंद्याला लाभ होतो, तिथे संस्था काहीतरी विकत असते. मंडळ आपले नाव विकणार होते. असा व्यवहार करणे पाप नाही, पण मग तो किंमत ठरवून, करार करून आणि हिशेबात वेगळ्या खात्याला दाखवून करावा लागतो. सार्वजनिक हिताच्या सर्वसाधारण कामासाठी नोंदलेल्या संस्थांना धंद्यासारख्या उत्पन्नावर एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा असते, तीही पाहावी लागते.

जुना नमुना

विक्रीशी जोडलेल्या अशा मदतीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना १९८३ चा आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी अमेरिकन एक्सप्रेसने कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर देण्याचे जाहीर केले. सुमारे १७ लाख डॉलर जमले आणि त्या काळात कार्डाचा वापर सुमारे २८ टक्क्यांनी वाढला. पुतळ्याला पैसे मिळाले, कंपनीला ग्राहक मिळाले आणि दोघांचेही काम झाले. मात्र पुतळ्याला नंतर कार्ड विकत घ्यायचे नव्हते. आमच्या प्रकरणात मदत घेणारी मुलगीच उद्याची ग्राहक होती आणि पहिल्या पाळीला हातात आलेला पॅड पुढे वर्षानुवर्षे बदलला जात नाही, हे विक्रीतल्या माणसांना चांगले माहीत असते. म्हणून मला पाच लाखांच्या आकड्यापेक्षा त्या अर्जाची जास्त काळजी वाटली.

कार्यकारिणीत एक स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. त्यांनी अध्यक्षाबाईंना समजावून सांगितले. “मावशी, बाळाच्या डब्यातल्या दुधाच्या कंपन्यांचे पैसे आम्हा डॉक्टरांच्या परिषदेला घेता येत नाहीत, तसा कायदा आहे. कारण त्या पैशाने आमचा सल्ला बदलतो, हे अनुभवाने सिद्ध झालं. इथं कायदा नाही, पण शिकवणारी व्यक्ती कंपनीची असेल तर कापडी पॅड कसा धुवायचा, उन्हात कसा वाळवायचा हे ती सांगणारच नाही.” अध्यक्षाबाईंचे मन याच मुद्द्यावर वळले. उद्योग केंद्रातल्या शिलाई करणाऱ्या बायकांची रोजी त्यांनी स्वतः उभी केली होती.

मुलींच्या माहितीबद्दल तर फार वाद झालाच नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मनाई केली आहे. कायद्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी तेव्हा व्हायची होती, तरी त्याची वाट न पाहता तो अर्ज नाकारायचा हा ठराव एकमताने झाला.

उलट मसुदा

नकार कळवून मोकळे होणे सोपे होते. मंडळाने तसे न करता स्वतःचा मसुदा पाठवला आणि या प्रकरणातली ही सर्वांत शिकण्यासारखी कृती होती, असे माझे मत आहे. रक्कम विक्रीशी न जोडता ठरावीक असावी आणि निम्मी आधी मिळावी. तिचा पहिला वापर स्वच्छतागृहांची टाकी, मोटार, कड्या आणि झाकणाच्या पेट्यांसाठी होईल. वर्ग मंडळाच्या डॉक्टर घेतील, त्यात बाजारातले पॅड, कापडी पॅड आणि पाळीसाठीचा कप या तिन्हींची माहिती किमतीसह दिली जाईल आणि कोणत्याही एका बनावटीचे नाव घेतले जाणार नाही. मुलींची माहिती दिली जाणार नाही. पाकिटावर मंडळाचे नाव छापायचे नाही, मात्र कंपनीने मदत केली हे शाळेच्या दर्शनी भागात एका ओळीत लिहिले जाईल.

विल्हेवाटीचे कलम मंडळाने मुद्दाम वेगळे ठेवले. इंदूर २०१७ ते २०२३ या काळात स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिले आले आणि येथे घराघरांतून सॅनिटरी कचरा वेगळा घेतला जातो. तो वेगळा बांधून देण्याची सवय शाळेतच लागली तर कचरागाडीवर काम करणाऱ्या स्त्रियांचे हात वाचतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांवर, पूर्णपणे पुनर्चक्रण होऊ शकणारे साहित्य वापरत नसल्यास, प्रत्येक पॅडसोबत विल्हेवाटीची पिशवी देण्याची आणि लोकांना ती कशी वापरायची हे शिकवण्याची जबाबदारी टाकलेली होती. मंडळाने कंपनीला एवढेच लिहिले की जे करणे तुमच्यावर बंधनकारक आहे, ते उपकार म्हणून फलकावर लिहिता येणार नाही.

जाहिरात संस्थेचे उत्तर सभ्य आणि स्पष्ट होते. विक्रीशी न जोडलेल्या रकमेला विपणन विभाग मंजुरी देणार नाही, कारण त्यांना खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे विक्री दाखवावी लागते. हे खरे बोलणे होते आणि त्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो.

मध्यंतरी ऑगस्टमध्ये राज्य सरकारने सुमारे १९ लाख विद्यार्थिनींच्या खात्यांत पॅडसाठी प्रत्येकी ३०० रुपये जमा केले, एकूण ५७ कोटींहून अधिक. यानंतर मंडळाची बाजू अधिक भक्कम झाली. अनेक मुलींच्या घरात आता पॅडसाठी थोडा पैसा आला होता, तेव्हा मोफत नमुन्यापेक्षा निवड करण्याची माहिती आणि शाळेतले पाणी हीच खरी उणीव होती. रोख रक्कम आल्यामुळे कोणते पाकीट घ्यायचे हा निर्णय मुलीच्या आणि तिच्या आईच्या हाती आला. त्या निर्णयावर प्रभाव टाकण्याची घाई कंपन्यांना वाढली असावी, असा माझा अंदाज आहे.

शेवटी काय ठरले

विपणनाची मोहीम मंडळाशिवाय गेली. ती दुसऱ्या एका संस्थेच्या नावाने झाली आणि तिचे फलक दिवाळीपर्यंत शहरात दिसत होते. मंडळाने मात्र त्याच कंपनीच्या सीएसआर विभागाला वेगळे पत्र लिहिले. दोन्ही विभाग एकाच इमारतीत असूनही एकमेकांना ओळखत नव्हते, असे पहिल्या बोलण्यातच जाणवले. सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला लागणारी सीएसआर-१ नोंदणी मंडळाकडे नव्हती. ती करण्यात, जुने ताळेबंद जुळवण्यात आणि प्रस्ताव त्यांच्या नमुन्यात बसवण्यात हिवाळा गेला. अखेर मिळालेली रक्कम पाच लाखांच्या जवळपासही नव्हती. तीन शाळांची स्वच्छतागृहे तेवढी दुरुस्त झाली, पेट्या आल्या आणि डॉक्टरांचे वर्ग मार्चपूर्वी झाले. त्या तीन शाळांपैकी एक महू तालुक्यातल्या खेड्यातली आहे, हा मंडळाचा आग्रह होता.

या निर्णयाची किंमतही मोजावी लागली, ती लपवण्यात अर्थ नाही. ज्या मुलींनी ‘पॅड परवडत नाही’ असे लिहिले होते, त्यांना त्या वर्षी कंपनीकडून काहीच मिळाले नाही. त्यांच्यासाठी मंडळाने जनऔषधी केंद्रातून एक रुपयाला मिळणारे पॅड घेऊन शाळेत ठेवले आणि त्याचा खर्च सभासद वर्गणीतून केला. निवृत्त मुख्याध्यापिकांना हा तोडगा पटला, अध्यक्षाबाईंना अजून पूर्ण पटलेला नाही आणि वार्षिक सभेच्या इतिवृत्तात दोघींची मते नोंदलेली आहेत.

आता प्रश्न उरला आहे तो मोटारीच्या देखभालीचा. सीएसआर विभागाच्या मंजुरीत बांधकाम आणि खरेदी होती, पुढच्या वर्षांची देखभाल नव्हती. टाकी, मोटार, साबण आणि सफाई करणाऱ्या बाईंचा पगार यांसाठी दर महिन्याला लागणारी रक्कम छायाचित्रात येत नाही, म्हणून तिला दाता मिळणे कठीण जाते. नव्या वर्षाच्या अर्जात मंडळाने इतर सर्व मागण्या काढून फक्त देखभालीचा तीन वर्षांचा खर्च मागितला आहे, आणि तो मिळाला नाही तर शाळेच्या फीमध्ये किती वाढ करावी लागेल याचा हिशेब कोषाध्यक्षाबाईंनी अर्जासोबत जोडला आहे.